काउंटर-स्ट्राइक २: किल सगळ्यात जास्त माझे, तरी मॅच हरतो. टीमचा खेळ नक्की खेळतात कसा?

कोरा_कागद:

नमस्कार मंडळी. आत्तापर्यंत बॅटल रॉयल आणि डेथमॅच टाइपचे शूटर भरपूर खेळलोय, त्यामुळे निशाणा बऱ्यापैकी बसलेला आहे, पण आता मित्रांनी काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ओढलंय आणि इथे काही केल्या गाडी पुढे जात नाहीये. स्कोअरबोर्डवर आमच्या टीममध्ये बऱ्याचदा मीच वर असतो, किल सगळ्यात जास्त माझे, आणि तरी १३-५, १३-६ असे हरतो. मित्र कानात ओरडत असतात, "इको आहे, काही घेऊ नको", "अरे ट्रेड का नाही केलास", "रोटेट रोटेट", "सेव्ह कर आता" आणि मला त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. राउंड चालू असताना कोणी समजावत बसणार नाही हे मान्य, म्हणून इथे विचारतोय.

प्रश्न जरा विस्कळीत आहेत. राउंड सुरू झाला की पहिली वीस-तीस सेकंदं करायचं काय असतं? मी सरळ पळत जातो आणि जो दिसेल त्याच्याशी भिडतो. दुसरं म्हणजे खिशात पैसे असतानाही घेऊ नको असं का म्हणतात? आणि ग्रेनेडचं गणित काय आहे, मी स्मोक टाकला की उलट आपल्याच लोकांना काही दिसत नाही आणि शिव्या मला पडतात. निशाणा कसा सुधारायचा ते प्लीज नका सांगू, त्याचे व्हिडिओ ढिगाने पडलेत. पाच जणांनी मिळून हा खेळ कसा खेळायचा तेवढं समजून घ्यायचंय.

धूर_आणि_आवाज:

अरे वा, नवीन लोक सहसा हे विचारतच नाहीत, सगळे सेन्सिटिव्हिटी किती ठेवू एवढंच विचारतात. जरा लांब लिहितोय, निवांत वाच.

तू आत्तापर्यंत जे खेळलास त्यात मारणं हाच खेळ होता. इथे मारणं म्हणजे एक साधन. टीला, म्हणजे हल्ला करणाऱ्या टीमला, ए नाहीतर बी साइटवर (मॅपवरच्या बॉम्ब लावायच्या दोन जागा) बॉम्ब लावून तो फुटेपर्यंत राखायचाय आणि सीटीला, म्हणजे राखणाऱ्या टीमला, ते होऊ द्यायचं नाहीये, बास. राउंड १ मिनिट ५५ सेकंदांचा, बॉम्ब लागला की ४० सेकंदांत फुटतो, तो डिफ्यूज म्हणजे निकामी करायला १० सेकंद लागतात आणि किट घेतलेलं असेल तर ५. हे आकडे नुसते पाठ करू नको, त्यातून काय निघतं ते बघ. बॉम्ब लागेपर्यंत घड्याळ सीटीच्या बाजूने पळतं, त्यांनी काहीच नाही केलं तरी वेळ संपली की राउंड त्यांचा. बॉम्ब लागला की तेच घड्याळ टीचं होतं, आता सीटीला यावंच लागणार. म्हणजे कोणी कोणाकडे चालत जायचं हे दर क्षणी घड्याळ ठरवतं, आणि जो चालत येतो त्याला दहा कोपरे बघावे लागतात, जो थांबलेला आहे त्याला एकच. तू बॉम्ब लागल्यावर "दोघंच उरलेत, मारून येतो" म्हणून साइट सोडून निघत असशील तर फुकट मिळालेली सगळी सोय तू समोरच्याला परत देतोयस. असं करणारे मला जवळजवळ रोज भेटतात.

आता तुझे किल. किल कधी मिळाला यावर त्याची किंमत ठरते. पाच विरुद्ध पाच असताना पहिला जो पडतो त्याने राउंडचा तोल जातो, कारण आता चार जणांना पाच जणांची जागा सांभाळायची असते आणि कुठेतरी भोक पडतंच. पण तुमचे चौघं गेलेत, बॉम्ब लागलाय, आणि साइटवरून बाहेर पडणाऱ्या दोघांना तू दुरून मारलंस तर स्कोअरबोर्डवर दोन किल दिसतात आणि राउंड तर केव्हाच गेलेला असतो. समोरच्याच्या दोन बंदुका कमी झाल्या एवढाच काय तो फायदा. तुझ्या पुढच्या मॅचमध्ये फक्त एवढं बघ की किल मिळाला तेव्हा दोन्हीकडे किती जण जिवंत होते.

ट्रेड हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जवळून सांगतो. डस्ट २ या मॅपवर टी बाजूने लाँगला, म्हणजे ए कडे जाणाऱ्या लांब रस्त्याला जायचंय. दोन दरवाजांची अंधारी जागा, बाहेर पडलं की डावीकडे लांब मोकळा पट्टा, आणि उजवीकडे खड्डा, ज्याला सगळे पिट म्हणतात. पहिला माणूस दारातून बाहेर निघतो. पिटमधला सीटी त्याला मारतो. ठीक आहे, मेला. पण त्या क्षणी त्या सीटीची बंदूक कुठे आहे? मेलेल्याच्या अंगावर, गोळ्या झाडून वर उचललेली, आणि तो कुठे उभा आहे ते आता तुम्हाला कळलंय. दुसरा माणूस जर दोन पावलांवर असेल, क्रॉसहेअर (स्क्रीनवरची नेम धरायची खूण) आधीच पिटच्या कडेला लावून तयार असेल, तर सीटीला बंदूक खाली आणून नवीन माणसावर लावेपर्यंत तो मेलेला असतो. चार विरुद्ध चार, आणि लाँग तुमचं. हाच दुसरा माणूस तीन-चार सेकंद उशिरा आला की सीटी दुसरीकडे सरकलेला असतो, मॅगझिन भरलेलं असतं आणि पुन्हा नव्याने एकास एक. पहिला माणूस फुकट गेला. म्हणून आमच्यात सांगतात की मेलास तरी चालेल पण एकटा मरू नको. तू पळत एकटा पुढे जातोस ना, तिथे तुझा ट्रेड घ्यायला कोणीही नसतं. आणि तू मागे राहून दुसऱ्याचा ट्रेड नाही घेतलास तर तो ओरडणारच, त्याने जीव देऊन तुला माहिती दिलेली असते.

पहिल्या तीस सेकंदांचं सोपं उत्तर म्हणजे टी असशील तर पसरा आणि थोडी थोडी जागा ताब्यात घ्या, याला डिफॉल्ट म्हणतात. कोणी लाँगच्या दारात, कोणी मिडला, एक जण बी टनेलमध्ये गुपचूप. जागा घ्यायची, थांबायचं, ऐकायचं. सीटीने कुठे आगीचा ग्रेनेड टाकला, कुठे दोन पावलं वाजली, कुठे वीस सेकंदं झाली तरी कोणी डोकावलंच नाही, हे सगळं टीमला सांगायचं. काहीच न दिसणं पण सांगण्यासारखं असतं. मग साधारण ५०-६० सेकंद उरली की ठरवायचं ए का बी, आणि ठरलं की पाचही जणांनी एकदम. रोज अशीच संथ सुरुवात करायची असं नाही, कधी थेट धडक मारली तर समोरचा गडबडतो, पण ती पण पाच जणांनी मारायची, एकट्याने नाही.

स्मोकचं पुढच्या पोस्टमध्ये लिहितो, हात दुखला.

हिशेबनीस:

पैशांचं मी सांगतो, हा माझा आवडता भाग आहे आणि लोक याकडे सगळ्यात कमी लक्ष देतात.

हाफच्या सुरुवातीला प्रत्येकाकडे ८०० डॉलर, म्हणजे पिस्टल राउंड. त्यानंतर राउंड जिंकलात तर माणशी ३२५०, बॉम्ब फोडून किंवा डिफ्यूज करून जिंकलात तर ३५००. हरलात तरी पैसे मिळतात, कमीत कमी १४०० आणि सलग हरत गेलात की दर वेळी ५०० ने वाढत ३४०० पर्यंत. खर्च बघ आता: एके-४७ ला २७००, केव्हलर (अंगावरचं चिलखत) आणि हेल्मेट मिळून १०००, स्मोक ३००, फ्लॅश (डोळे दिपवणारा ग्रेनेड) २००, मोलोटोव्ह (आगीचा ग्रेनेड) ४००. दोन फ्लॅश धरले तर ४८०० झाले. म्हणजे हरलेल्या एका राउंडच्या पैशात पूर्ण सामान येतच नाही, कसंही फिरवलं तरी येत नाही.

समजा सगळ्यांकडे दोन-दोन हजार आहेत. आता जर प्रत्येकाने अर्धवट काहीतरी घेतलं, एकाने गॅलिल ही स्वस्तातली रायफल, एकाने नुसतं केव्हलर, एकाने दोन ग्रेनेड, आणि हरलात, तर पुढच्या राउंडला पुन्हा दोन-अडीच हजारच हातात आणि पुन्हा तीच रड. त्याऐवजी या राउंडला कोणीच काही नाही घेतलं, फुकटच्या पिस्टलवर खेळलात, तर पुढच्या राउंडला हातात साडेचार हजारांच्या आसपास येतात आणि पाचही जण रायफल, केव्हलर, ग्रेनेड घेऊन उतरू शकता. हा झाला इको. सगळ्यांनी एकत्र गरीब व्हायचं आणि एकत्र श्रीमंत. तू खिशात ३००० आहेत म्हणून एकटाच एके घेतोस तेव्हा दोन गोष्टी बिघडतात. तू मेलास की ती एके समोरचा उचलतो, आणि पुढच्या राउंडला बाकी चौघांकडे सगळं असतं तेव्हा तुझ्याच हातात पिस्टल असतं. मित्र त्यासाठी ओरडतायत, पैसे तुझे असले तरी राउंड पाच जणांचा असतो. आणि तुझ्याकडे खरंच जास्त साठले असतील, म्हणजे आठ-नऊ हजार, तर दुसऱ्याला बंदूक घेऊन टाक, याला ड्रॉप म्हणतात. मागितल्यावर द्यायचा हे तर झालंच, न मागता दिलास तर टीमचा मूड पण बदलतो.

सगळं उधळायचे पण राउंड असतात. १२ वा राउंड, कारण त्यानंतर बाजू बदलते आणि पैसे सगळ्यांचे पुन्हा ८०० वर येतात, साठवून करणार काय. तसंच समोरचे १२ वर असतील तर, कारण हा हरलात की मॅचच संपली. याला फोर्स बाय म्हणतात. लोक मात्र राग आला की फोर्स करतात, ते नको.

सेव्ह म्हणजे राउंड गेलाय हे ओळखून बंदूक वाचवणं. तू एकटा, समोर चौघं, बॉम्ब लागलाय, हातात एडब्ल्यूपी ही स्नायपर. ती ४७५० ची आहे. हिरोगिरी करायला गेलास तर बंदूक पण जाईल, लपून बसलास तर पुढच्या राउंडला एवढे पैसे वाचले. पण टी बाजूला एक मेख आहे जी बऱ्याच जुन्या खेळाडूंना पण माहीत नसते: बॉम्ब न लावता वेळ संपली आणि तू जिवंत राहिलास तर तुला हरण्याचे पैसे मिळत नाहीत, शून्य. बंदूक वाचते, पैसे बुडतात. म्हणून टी असताना वेळेच्या शेवटी लपायच्या आधी हिशेब कर की हातातली बंदूक त्या पैशांपेक्षा भारी आहे का.

अजून एक, सीटी असताना समोर एके असतील तर हेल्मेटचा उपयोग नसतो, एकेची एक गोळी हेल्मेटसकट डोकं घेते. त्यामुळे पैसे कमी असतील तेव्हा ६५० चं नुसतं केव्हलर घे आणि वाचलेल्यात थोडे घालून ४०० चं किट घे. पाच सीटींपैकी कोणाकडेच किट नाही आणि बॉम्बवर सहा सेकंद उरलीत, हे बघवत नाही रे.

नेमबाज_नाना:

वरचं सगळं बरोबर आहे पण माझं थोडं वेगळं मत आहे आणि ते मी मांडणारच. तू म्हणालास निशाण्याबद्दल नको, पण बाकी शूटरमधला निशाणा इथे जसाच्या तसा चालत नाही आणि अर्धे राउंड तिथेच जातात. इथे पळता पळता झाडलेली गोळी कुठेही जाते. थांबल्यावरच रायफल सरळ मारते, आणि थांबायचं म्हणजे नुसती की सोडून नाही, डावीकडे जात असशील तर क्षणभर उजवीची की दाबायची, मग जागच्या जागी ब्रेक लागतो आणि त्याच क्षणी गोळी. याला काउंटर-स्ट्रेफ म्हणतात. आणि क्रॉसहेअर जमिनीकडे ठेवून चालायची सवय असेल तर ती मोड, सतत समोरच्याचं डोकं जिथे निघेल त्या उंचीवर, कोपऱ्याच्या कडेला ठेव.

धूरभाऊंनी ट्रेडचं जे सांगितलं ते पटतं, पण दुसऱ्या माणसाची पहिली गोळीच लागली नाही तर कसला ट्रेड, दोघं मेले. टीमचा खेळ टीमचा खेळ करताना लोक हे विसरतात की शेवटी कोणीतरी कोणालातरी मारायचं असतं.

धूर_आणि_आवाज:

नाना, काउंटर-स्ट्रेफचं शंभर टक्के मान्य, ते नसेल तर काहीच नाही. पण कोरा_कागदला किल मिळतायत, म्हणजे गोळ्या लागतायत. त्याचा प्रॉब्लेम कुठे आणि कधी हा आहे, कसा हा नाहीये. आपण दोघं वेगवेगळ्या माणसाला उत्तर देतोय असं वाटतं.

असो, स्मोक. तुझा स्मोक आपल्याच लोकांना आडवा येतो कारण तू तो आपल्या तोंडासमोर टाकतोयस. स्मोक समोरच्याच्या नाकासमोर पडायला हवा. मिराज मॅपचं ए साइट घे. टी रॅंपवरून आणि पॅलेसमधून साइटवर उतरतात, आणि त्यांच्याकडे बघायला सीटीकडे पायऱ्या, जंगल आणि सीटी स्पॉन (सीटी राउंड सुरू करतात ती जागा) अशा तीन बाजू असतात. पाच जण तसेच घुसलात तर तीन बाजूंनी गोळ्या. आता त्या तिन्ही ठिकाणी एकेक स्मोक पडला तर मागून मदतीला येणारे आंधळे होतात, आणि साइटच्या आत जो एक किंवा दोन जण आहेत तेवढेच तुमच्याशी लढायला उरतात. पाच विरुद्ध पाचचा राउंड तुम्ही पंधरा-वीस सेकंदांसाठी पाच विरुद्ध दोन करून टाकला. तेवढ्या वेळात बॉम्ब लागला पाहिजे. स्मोक टाकून धूर बघत उभे राहणारे लोक दिसले की मला खरंच वाईट वाटतं, तो विरायला लागतो आणि मग हे पळतात.

मोलोटोव्ह ज्या कोपऱ्यात तू बघू शकत नाहीस तिथे टाक, माणूस असेल तर बाहेर यावंच लागतं. त्यावर स्मोक पडला की आग विझते हे पण लक्षात ठेव, सीटी तेच करतात. फ्लॅश टाकायच्या आधी "फ्लॅश" असं ओरडायचं, म्हणजे आपली माणसं तोंड फिरवतात, आणि तो फुटला की लगेच घुसायचं, दोन सेकंदांनी नाही. शिवाय काउंटर-स्ट्राइक २ मध्ये धुरात एचई म्हणजे स्फोटाचा ग्रेनेड फोडला तर क्षणभर भोक पडतं आणि आरपार दिसतं, त्यामुळे धुराच्या अगदी मागे निर्धास्त उभा राहू नको.

कोरा_कागद:

बाप रे, एवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. लाँगचं वाचून काल मित्राच्या मागे दोन पावलांवर चिकटून राहिलो आणि फरक लगेच जाणवला, तो पडला की मला मारणारा समोरच उभा सापडायचा. हिशेबनीस, आता सगळ्यांनी घेतल्याशिवाय घेत नाही.

पण सीटीला माझं अजून अवघड चाललंय. मला बहुतेक वेळा बी वर एकट्याला उभं करतात, तिकडून चौघं-पाच जण एकदम येतात आणि मी एक मारतो नि मरतो. एकट्याने पाच जणांना थांबवायचं कसं? आणि माइकवर नक्की काय बोलायचं? मी बोललो की "गप बस" म्हणतात, नाही बोललो की "सांगितलं का नाहीस" म्हणतात.

बी_ची_राखणदार:

ही जागा माझी, मी जवळजवळ नेहमी बी वरच असते, त्यामुळे हे मी सांगते. पहिली गोष्ट, पाच जणांना एकट्याने थांबवायचं नसतंच. ते काम तुला कोणी दिलेलं नाही. तुला दिलेलं काम म्हणजे त्यांना उशीर करायचा आणि किती जण आहेत ते नीट सांगायचं, बाकीचे पोचेपर्यंत जमलं तर जिवंत राहायचं.

इन्फर्नो मॅपचं उदाहरण घे, बी ला यायला टीला बनाना नावाच्या वाकड्या गल्लीतून यावं लागतं. पळत आले तर पावलं ऐकू येतात, शिफ्ट दाबून चालत आले तर नाही, म्हणून कान कायम उघडे ठेव आणि स्वतः उगाच पळू नको. पावलं वाजली, दोनापेक्षा जास्त वाटली, की लगेच आगीचा ग्रेनेड गल्लीच्या तोंडाशी. काही सेकंद ती आग जळते. तेवढ्यात त्यांनी स्मोक टाकून विझवली तर त्यांचा एक स्मोक साइटवर कमी पडणार, तो पण फायदाच. मग तू तुझा स्मोक टाक. हे सगळं करताना तू एकही गोळी झाडलेली नसते तरी घड्याळातली पंधरा-वीस सेकंदं गेली आणि तुझे दोघं दुसऱ्या साइटवरून निघाले, यालाच रोटेट म्हणतात. आता ते घुसले तर एक किल घे, जमलं तर, आणि मागे सरक. दुसऱ्या किलसाठी त्याच कोपऱ्यातून परत डोकावू नको, पहिल्या किलनंतर पाचही क्रॉसहेअर तिथेच लागलेले असतात. मला विचारशील तर सीटीचे सगळ्यात जास्त राउंड या दुसऱ्या डोकावण्यात जातात.

साइट गेली तर जाऊ दे. मागे सरकून टीममेटची वाट बघ आणि तिघं-चौघं जमलात की एकदम घुसा, याला रीटेक. एकेक करून गेलात तर ते एकेकाला टिपतात. किट कोणाकडे आहे ते आधी विचार, तो शेवटी मरायला हवा, पहिला नाही. आणि डिफ्यूजला हात लावला की आवाज होतो, समोर लपलेल्या टीला तो ऐकू जातो. कधी कधी नुसता हात लावून सोडायचा, तो धावत बाहेर येतो, त्याला मारायचं आणि मग खरं डिफ्यूज करायचं. वेळ तेवढी उरलेली हवी मात्र. दहापेक्षा कमी सेकंद, किट नाही, तर पळ, स्फोटाच्या जवळ राहिलास तर बंदुकीसकट जाशील.

आता माइक. "ते इथे आहेत", "मागे मागे", "अरे मारलं रे मला" यातून कोणालाही काही कळत नाही. जागा, आकडा, बॉम्ब दिसला का, आणि तू काय करतोयस, एवढंच, या क्रमाने. म्हणजे असं, "बनाना, तीन जण, बॉम्ब दिसला नाही, आग टाकलीये, मागे येतोय." झालं, गप. बॉम्ब दिसला हे शब्द सोन्यासारखे आहेत कारण तो एकाकडेच असतो आणि तो दिसल्याशिवाय ए वरच्या सगळ्यांनी धावत बी ला येऊ नये, फसवायला दोघं जण आवाज करतात आणि बाकीचे तिकडे मोकळ्या साइटवर जातात. समोरच्याला गोळ्या लागल्या असतील तर ते सांग, पण खरं सांग, रागात "एक गोळीचा उरलाय" म्हणू नको, पुढचा माणूस त्या भरवशावर भिडतो आणि तो पूर्ण ताजा असतो.

मेल्यावर एक वाक्य आणि मग शांतता. शेवटचा जो एकटा उरलाय त्याला पावलं ऐकायची असतात, त्याच्या कानात चौघांनी "डावीकडे बघ, आता जा, थांब" केलं तर तो काय ऐकणार? आणि जो कोणी माइकवर घाणेरडं बोलतो त्याला सरळ म्यूट कर, वाद घालू नको. मी आवाज दिला की काही लोक राउंड सोडून भलत्याच गोष्टी सुरू करतात, मी एका सेकंदात म्यूट करते आणि नकाशावर पिंग मारून खेळते. टीमचा खेळ आहे म्हणून कोणाचंही काहीही ऐकून घ्यायचं असं कुठे लिहिलेलं नाही.

स्पाइक_लावला_का:

मी व्हॅलोरंटवाला आहे, मध्येच बोलतोय, पण तुमचं वाचून वाटलं की नव्वद टक्के तेच आहे. आमच्याकडे पण पाच-पाच जण, १३ राउंड जिंकायचे, आणि बॉम्बऐवजी स्पाइक, तो ४५ सेकंदांत फुटतो आणि डिफ्यूजला ७ सेकंद. फरक इतकाच की निम्मं डिफ्यूज केलं की ते जमा राहतं, परत आलात तर उरलेलं अर्धंच करायचं, त्यामुळे आमच्याकडे थोडा वेळ हात लावून पळून जाणं पण फायद्याचं. आणि तुम्ही जी कामं वाटून घेता ती आमच्याकडे एजंटमध्येच वाटलेली असतात, धूर टाकणारे कंट्रोलर, पहिले घुसणारे ड्युएलिस्ट, माहिती काढणारे इनिशिएटर आणि मागे राखणारे सेंटिनेल. पाचही जणांनी ड्युएलिस्ट घेतले की काय होतं ते विचारू नका.

ओव्हरवॉच पण खेळतो, तिथे नेहमीच्या मोडमध्ये पैसे नाहीत आणि मेल्यावर परत येता, तरी चूक तीच दिसते, एकेक जण परत आला की लगेच पळत आत जातो आणि पुन्हा मरतो. थांबा, सगळे जमा, मग जा.

कोरा_कागद:

ताई, "दुसऱ्यांदा डोकावू नको" हे माझ्यासाठीच लिहिलंय असं वाटलं. एक शेवटचं विचारतो. स्मोक एवढे आहेत, प्रत्येक मॅपचे वेगळे, सगळे पाठ करायचे म्हटलं तर जन्म जाईल. सुरुवात कुठून करू?

धूर_आणि_आवाज:

एकच मॅप धर. मिराज किंवा डस्ट २, कारण ते सगळ्यांना येतात आणि कॉलआउट (जागांची नावं) पण सगळ्यांच्या तोंडात एकच असतात, डस्ट २ तर २००१ पासून आहे. मिराज घेतलास तर वर सांगितलेले ए चे तीन स्मोक, पायऱ्या, जंगल, सीटी, एवढेच. एकट्याने प्रॅक्टिस मोड उघड, त्यात ग्रेनेड पडताना दाखवणारा छोटा कॅमेरा चालू करता येतो, म्हणजे तुझा स्मोक कुठे जाऊन बसला ते तिथे धावत न जाता कळतं. कुठे उभं राहायचं आणि भिंतीवरच्या कुठल्या खुणेवर क्रॉसहेअर लावायचं ते एकदा बसलं की हात आपोआप जातो. मॅचमध्ये तिघांनी वाटून घ्या, एकाने तिन्ही टाकायला एकाकडे तीन स्मोक नसतातच.

हिशेबनीस:

आणि मॅच संपल्यावर डेमो, म्हणजे मॅचचं रेकॉर्डिंग, उघड. सगळा बघू नको, कंटाळा येईल, फक्त तू मेलास ते ते क्षण बघ आणि दर वेळी पॉज करून नकाशावर तुझा सगळ्यात जवळचा टीममेट किती लांब होता ते बघ. पहिल्या हाफमध्ये तरी एवढंच बघ, बंदूक कुठली होती वगैरे सोड.

बी_ची_राखणदार:

सीटी असशील तर त्यातच अजून एक बघ, तू मेलास तेव्हा तुझ्याकडे किती ग्रेनेड शिल्लक होते. आग आणि स्मोक दोन्ही हातात ठेवून बी वर मेलास तर तो राउंड तिथेच गेला असं समज.